हिरव्या शाईतला शेरा

"ती बाटली एवढ्यात उघडू नकोस," भास्कर म्हणाला. "आधी ऑर्डर तर हातात पडू दे."

रविवारची सकाळ होती. क्वार्टरच्या मागच्या ओट्यावर आम्ही दोघं पाट टाकून समोरासमोर बसलो होतो आणि मध्ये पाण्याची परात होती. परातीत आमची पेनं सुटी करून टाकलेली. निबं एका वाटीत, त्यांच्या खालच्या जिभल्या दुसऱ्या वाटीत. जुनी शाई पाण्यात हळूहळू सुटत होती. माझ्या हातात हिरव्या शाईची नवी कोरी बाटली होती आणि तिचं झाकण फिरवावं की नाही अशा विचारात माझी बोटं तिथंच थांबली होती.

"उघडत नाही," मी म्हटलं. "नुसती बघतेय."

"बघ ना. बघायला कोण नको म्हणतंय?" तो हसला आणि माझंच पेन उचलून फडक्यानं पुसू लागला.

नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. आम्ही नवरा-बायको एकाच सरकारी कार्यालयात होतो. मी आधी लागले, तो माझ्यानंतर. टिप्पणी कशी लिहायची, मसुदा कसा करायचा, फायलीला कोणता कागद कुठं लावायचा हे नव्या माणसाला शिकवायचं काम मोठ्या कारकुनांनी माझ्यावर ढकललं होतं. त्यामुळे भास्कर पहिले काही महिने माझ्या टेबलाच्या बाजूला खुर्ची ओढून बसायचा. त्याच्याकडे एक साधं बॉलपेन होतं, टोपण चावून चावून चपटं झालेलं.

एकदा त्यानं विचारलं, "बाई, परवा तुमची टिप्पणी फिकट निळी होती. आज गडद दिसतेय. पेन बदललंत?"

"पेन तेच. शाई बदलली."

"का?"

"परवा उन्हाळा होता. काल पाऊस झाला."

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग मी त्याला समजावून सांगितलं. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, अमळनेरला शाळेत शिकवायचे. त्यांनी आम्हा भावंडांना लावून दिलेली ही सवय. खानदेशातल्या उन्हात दाट शाई निबेतच वाळते, दोन शब्द झाले की पेन झटकायची पाळी येते, म्हणून होळीपासून पाऊस पडेपर्यंत पातळ निळी. पावसाळ्यात कागद ओल धरतो, त्यावर पातळ शाई फुटते, अक्षराला पाय फुटल्यासारखी. तेव्हा निळी-काळी. ती कागदात मुरते आणि दुसऱ्या दिवशी आणखी गडद होते. जे कायम टिकायला हवं, अर्ज, करारनामे, त्याला काळी. आणि थंडीत सगळं मोकळं रान. तपकिरी, जांभळी, मनाला येईल ती. मात्र शाई बदलताना पेन पुरतं धुवायचं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचं, सावलीत वाळवायचं, मगच दुसरी शाई. वेगळ्या कंपनीच्या दोन शाया एकत्र झाल्या की गाळ धरतो आणि पेन कायमचं बसतं.

पुढच्या आठवड्यात तो शाईचं पेन घेऊन आला. मला म्हणाला, "भरून द्या. तुम्हाला वाटेल ती."

असं ते सुरू झालं. त्याच्या घरून विचारणा आली तेव्हा आमच्याकडच्यांनी फार ताणलं नाही. समोर मी त्याला 'तुम्ही' म्हणू लागले, पण मनात तो शेवटपर्यंत 'तू'च राहिला, कारण तो आधी माझ्या हाताखाली शिकलेला होता. लग्नानंतर रविवारची परात हा आमच्या घरचा कुळाचार झाला. तृप्ती रांगायला लागली तेव्हा तिनं एकदा परातीत दोन्ही हात बुडवून जांभळे तळवे भिंतीवर उमटवले होते. सासूबाई, सगळे त्यांना जिजी म्हणत, मला म्हणाल्या, राहू दे, चुना देताना जाईल. चुना देऊनही तो रंग दोन वर्षं वर येत राहिला.

हिरवी शाई मात्र घरात कधी नव्हती. आमच्या कार्यालयात हिरवी फक्त राजपत्रित अधिकाऱ्याची. नियम कुठं लिहिलेला होता मला माहीत नाही, पण कुठल्याही कारकुनाला तो तोंडपाठ होता. फायलीवर सगळे निळे-काळे, आणि समासात तिरका हिरवा शेरा: 'चर्चा करावी', 'मान्य', 'फेरसादर'. खात्याची परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झाले. भास्करला दोनदा बसावं लागलं. त्यामुळे पदोन्नतीच्या यादीत माझं नाव आधी, लगेच खाली त्याचं. जागा निघणार अशी कुणकुण लागली तेव्हा आमचे वरिष्ठ नाईकवाडी साहेब मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले होते, "बाई, तयारीत राहा." त्याच संध्याकाळी आग्रा रोडवरच्या दुकानातून मी ती बाटली आणली.

त्यानंतरच्या आठवड्यात साहेबांनी भास्करला यादीच्या कामासाठी नाशिकला पाठवलं. तो संध्याकाळच्या गाडीनं परतला आणि बूट न काढता खाटेवर बसला.

"काय झालं?"

"नाव पहिलंच आहे तुझं."

"मग?"

"जागा धडगावची आहे."

मी खालीच बसले. धडगाव म्हणजे सातपुड्याच्या पोटात. तेव्हा दिवसातून एक एसटी जायची आणि पावसाळ्यात तीही जाईल याचा भरवसा नसायचा.

"इथं धुळ्यात एक जागा रिकामी होतेय ना?"

"ती नाशिकच्या कुणाला तरी द्यायचं चाललंय. वरून ठरलंय."

"आणि नवरा-बायकोला एका गावात ठेवायचं धोरण आहे ते?"

"कागदावर आहे. कागदावर काय नसतं?" त्यानं बूट काढले, ते नीट एकाशेजारी एक ठेवले. "हे बघ, तू जा. माझं काही म्हणणं नाही. जिजीचे गुडघे धरलेत, तृप्तीची पुढच्या वर्षी दहावी, पण होईल कसंतरी. मी बघेन. लोक काय करत नाहीत? तू मागे हटू नकोस."

जाऊ नकोस असं तो एकदाही म्हणाला नाही. उलट दोन दिवसांनी कुठूनसा एसटीचा जिल्ह्याचा नकाशा आणून त्यानं माझ्यासमोर पसरला, कुठं गाडी बदलावी लागेल ते बोटानं दाखवलं. शहाद्यापर्यंत रस्ता बरा आहे म्हणाला. तिथून पुढे घाट लागतो. त्या घाटावर त्याचं बोट बराच वेळ होतं. तृप्ती शेजारी उभी राहून ते बोट बघत होती. रात्री जेवताना ती ताटातला भात चिवडत राहिली आणि म्हणाली, "आई, मग माझा गणिताचा अभ्यास कोण घेणार?"

मी आठवडाभर विचार केला. साहेबांना जाऊन विचारावं असंही एकदा मनात आलं. पण नवऱ्यानं स्वतः नाशिकला जाऊन आणलेली बातमी दुसऱ्याकडून पडताळून बघायची, हे बरं दिसलं नसतं. नकाराचा अर्ज मी घरीच लिहिला. काळ्या शाईत, 'कौटुंबिक अडचणींमुळे पदोन्नती नको' एवढंच, गावाचं नाव न घालता. भास्करनं तो वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, "नीट विचार केलायस ना?"

"केलाय."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं होतं असं मला आजही म्हणवत नाही.

अर्ज त्यानंच साहेबांच्या टपालात ठेवला. साहेब तेव्हा बदलीच्या गडबडीत होते. आठवडाभरात ते नाशिकला रुजू झाले. मला त्यांनी काही विचारलं नाही. जाण्याआधी एकदा जिन्यात समोर आले तेव्हा नुसतं थांबून माझ्याकडे बघितलं आणि खाली उतरले. मला वाटलं, बायका अशाच, ऐन वेळी कच खातात, असं त्यांच्या मनात आलं असेल.

जूनमध्ये ऑर्डर आली. मी नाकारल्यावर पुढचं नाव भास्करचं. जागा धुळ्याची.

"नाशिकवाल्याचं फिसकटलं म्हणे," तो म्हणाला. "नशीब बघ कसं असतं!"

"नशीबच," मी म्हटलं. मला खरोखर आनंद झाला होता. थोडं टोचलं, नाही असं नाही. आणखी दोन महिने थांबले असते तर, असं वाटून गेलं. पण मी ते कुणापाशी बोलले नाही. ऑफिसात पेढे मीच वाटले. घरी येऊन ती हिरवी बाटली काढली. दुकानातला हिरवा फार भडक होता, पोपटाच्या पिसासारखा. एवढ्या मोठ्या हुद्द्याला तो शोभला नसता. त्याच कंपनीची काळी माझ्याकडे होती. ड्रॉपरनं तिचे थेंब घालत, टीपकागदावर उमटवून बघत, वाळल्यावर पुन्हा बघत मी तो रंग उतरवला. शेवटी जांभळीच्या जून पानासारखा झाला, तेव्हा हात थांबवला. भास्करचं सगळ्यात चांगलं पेन धुऊन त्यात भरला आणि त्याच्या खिशाला लावून दिलं.

"सही करून बघा."

त्यानं वर्तमानपत्राच्या कडेला सही केली. मग दुसरी केली. मग कडेनं खालपर्यंत सह्याच सह्या.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात तो 'साहेब' झाला. मीही साहेबच म्हणायचे. तो मला चारचौघांत 'खैरनार मॅडम' म्हणायचा. शेजारच्या टेबलावरचे देवरे मोठे टवाळ. ते म्हणायचे, "बाई, घरी गेल्यावर फाइल कोण कुणापुढं ठेवतं?" मीही हसायचे. माझ्या टिप्पण्या त्याच्यापुढं जायच्या आणि कोपऱ्यात मी बनवलेला रंग उमटून परत यायच्या. पहिले काही दिवस मला ते बघायला आवडायचं, हे खोटं कशाला सांगू?

रविवारी तो परातीपाशी उशिरा येऊ लागला. मग नुसता उभ्या उभ्या डोकावून जायचा. पावसाळा आला, मी निळी-काळी भरली. त्याला विचारलं, "तुमची बदलायची?"

"मला आता काय बदलायचंय? मला एकच रंग लागतो."

"पेन तरी धुवायला हवं."

"तू धुऊन ठेव."

मी धुऊन ठेवायचे.

थंडी पडली तशी मी तपकिरी काढली. इतकी वर्षं थंडीत माझे कच्चे मसुदे तपकिरीच असायचे. पक्कं टंकलेखनाला जाईपर्यंत ते माझ्या टेबलाबाहेर फिरत नसत, आणि कुणी कधी हरकत घेतली नव्हती. नोव्हेंबरअखेरीस कार्यालयात एक परिपत्रक फिरलं. सर्व कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन लेखन केवळ निळ्या अथवा काळ्या शाईतच करावं, इतर रंगांचा वापर शिस्तभंग समजला जाईल. खाली हिरवी सही.

देवऱ्यांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच टवाळी केली नाही. अख्ख्या कार्यालयात इतर रंगांचा वापर करणारी मी एकटीच होते.

मी तपकिरी पेन पर्समध्ये टाकलं. पण परिपत्रकाच्या आदल्या दिवशी लिहिलेला एक मसुदा चुकून फायलीत राहिला होता. तो केबिनमध्ये गेला. दुपारी शिपाई माझ्या टेबलावर एक कागद ठेवून गेला, पोच घेऊन. आपण दिनांक अमुकच्या परिपत्रकाचा भंग केल्याचे निदर्शनास आले आहे, तरी आपणाविरुद्ध कारवाई का करू नये याचा लेखी खुलासा चोवीस तासांत सादर करावा. 'श्रीमती कु. भा. खैरनार यांस.' त्यातला 'कु' म्हणजे कुमुद, मी, आणि 'भा' तो स्वतः होता.

मी कागद घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. मान वर केली तर सगळं कार्यालय कामात गर्क झालेलं.

संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले, चहा घेतला. मी म्हटलं, "मला तोंडानं सांगितलं असतं तर?"

"ऑफिसचं ऑफिसात, कुमुद."

"मसुदा आदल्या दिवशीचा होता. वर तारीख आहे."

"तसं खुलाशात लिही. मी मान्य करीन." तो समजावण्याच्या सुरात बोलत होता, तृप्तीशी बोलावं तसं. "लोक बघत असतात. बायकोला सूट देतो म्हणतील. मला सगळ्यांना एकाच मापानं मोजायला हवं. तुझ्यापासून सुरुवात केली की बाकीचे आपोआप सरळ येतात."

मला ते पटलं. पूर्ण नाही, पण पटवून घेतलं. खुलासा लिहिला. दुसऱ्या दिवशी तो परत आला, त्यावर तिरका शेरा होता. 'खुलासा मान्य. पुन्हा घडू नये.' जांभळीच्या जून पानाचा रंग.

जानेवारीत नाशिकहून तपासणीचं पथक आलं आणि पथकाचे प्रमुख म्हणून नाईकवाडी साहेब आले. जेवणाच्या सुट्टीत भास्कर इतर अधिकाऱ्यांबरोबर केबिनमध्ये होता. साहेब जुन्या ओळखी काढत टेबलांमधून फिरत होते. माझ्यापाशी आले आणि थबकले.

"काय बाई, अजून याच टेबलावर?"

"हो साहेब."

"एक विचारू? राग मानू नका. तुम्ही नकार दिलात तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. तुमच्यासारखं माणूस मिळत नाही. नको का म्हणालात?"

"साहेब, धडगावला जाणं जमलं नसतं. सासूबाईंचं दुखणं, मुलीची दहावी..."

"धडगाव?" साहेबांनी चष्मा काढला. "धडगावचा काय संबंध? तुम्हाला धुळ्याची जागा होती. इथली. मी स्वतः नाशिकला शब्द टाकून धरून ठेवली होती, नवरा-बायको एका गावात राहावेत म्हणून. भास्कररावांना निघतानाच सांगून पाठवलं होतं की बाईंना म्हणावं, निर्धास्त हो म्हणा, घराजवळचीच खुर्ची आहे."

देवरे डबा उघडत होते, त्यांचा हात तसाच राहिला.

साहेबांच्या लक्षात आलं. म्हातारा माणूस, त्यांचा चेहरा एकदम ओशाळा झाला. चष्मा पुन्हा लावत म्हणाले, "म्हणजे... माझ्याच सांगण्यात काही गोंधळ झाला असेल. बरीच कामं असतात." आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले, जिथं कुणीच बसलेलं नव्हतं.

दुपारभर मी काम केलं. संध्याकाळी भास्करबरोबर स्कूटरवर मागे बसून घरी आले, नेहमीसारखी. तृप्ती क्लासला गेली होती. जिजी पुढच्या खोलीत शेंगा फोडत बसल्या होत्या. मी स्वयंपाकघरात गेले, तो पाणी प्यायला मागोमाग आला.

"नाईकवाडी साहेब भेटले मला."

"हो? काय म्हणाले?"

"धुळ्याची जागा माझी होती म्हणाले."

त्यानं तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी संपेपर्यंत खाली घेतला नाही.

"तुम्हाला निरोप दिला होता म्हणाले."

"त्यांना आता आठवतं का नीट? वय झालं."

"भास्कर." मी त्याला तशी कधी हाक मारली नव्हती. त्यानं दचकून दाराकडे बघितलं, जिजींनी ऐकलं की काय म्हणून.

"हळू बोल."

"दिला होता की नाही?"

तो ओट्याला टेकून उभा राहिला. मग बोलला ते अगदी सरळ, थकलेल्या माणसासारखं. "दिला होता. मग? काय करायला हवं होतं मी? रोज सकाळी तुझ्यासमोर फाइल धरून उभं राहायचं? 'मॅडम, आत येऊ का' म्हणायचं? देवरे आणि मंडळींनी माझं काय केलं असतं ठाऊक आहे तुला? मी इथं आलो तेव्हापासून तू पुढं आणि मी मागं. टिप्पणी तू शिकवलीस, परीक्षेत तू आधी. पेनात कोणती शाई भरायची तेसुद्धा तू ठरवायचीस! एकदा, एकदाच मी पुढं गेलो."

"तुम्ही मागितलं असतंत तर मी दिलं असतं."

"तेच तर नको होतं मला," तो म्हणाला. "तुझं दिलेलं."

पुढच्या खोलीतून जिजींनी हाक मारली, काय चाललंय म्हणून. मी बाहेर गेले. त्यांना विचारलं, "जिजी, गेल्या वर्षी तुम्ही यांना म्हणाला होता का, कुमुदला लांब पाठवू नको, माझे गुडघे दुखतात?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "माले काय व्हयनं शे?" अहिराणीत म्हणाल्या. "मी कोनले काय सांगनं नही."

तृप्तीची परीक्षा होईपर्यंत मी थांबले. त्या काळात तो माझ्याशी चांगला वागला, फार चांगला. एका रविवारी परात स्वतः भरून ओट्यावर नेऊन ठेवली, पाट मांडले आणि मला हाक मारली. मी खिडकीतून बघितलं. तो पाटावर बसून पेन सुटं करायचा प्रयत्न करत होता आणि त्याला जमत नव्हतं. निब उलटी ओढत होता. मी गेले नाही.

जूनमध्ये मी शहाद्याच्या शाखेत बदली मागून घेतली. माझ्या हुद्द्यावर, माझ्याच पगारात. विनंती-बदलीच्या अर्जावर शिफारस अधिकाऱ्याची लागते, ती त्यानं दिली. 'शिफारस करण्यात येते.' तृप्तीनं धुळ्याच्या कॉलेजात नाव घातलं. चल म्हटलं तर म्हणाली, "जिजीला आणि पप्पांना कोण बघणार? तू तर निघालीस."

यादीत माझं नाव नंतर कधी वर आलं नाही. एकदा नाकारलेल्याचं नाव मागं पडतं, तोवर नवी परीक्षा, नवी मुलं. मी अधीक्षक म्हणून, हिरव्या शाईच्या एक पायरी अलीकडेच, निवृत्त झाले आणि अमळनेरला नानांच्या जुन्या घराजवळ दोन खोल्या घेतल्या. भास्कर बराच वर चढला. निवृत्तीनंतर तो तृप्तीकडे नाशिकला राहतो. फारकत आम्ही घेतली नाही. लग्नकार्यात भेटतो, एकमेकांना जेवलात का म्हणून विचारतो.

तृप्ती बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. गेल्या दिवाळीत ती एकटीच माझ्याकडे आली होती. सकाळी माझ्या टेबलावर शायांच्या बाटल्या दिसल्या, तशी हातात घेऊन एकेक उजेडात धरून बघत बसली.

"आई, खरं सांगशील? पप्पा म्हणतात, तुझ्या आईनं शाईवरून घर सोडलं. एका मेमोवरून. सगळ्या नातेवाइकांत हेच माहीत आहे. मी माझ्या नवऱ्यालाही तेच सांगितलंय. पण मला आता या वयात वाटतं, एवढ्यावरून कुणी जात नाही."

इतकी वर्षं मी तिला सांगितलं नव्हतं. लहान होती तेव्हा बापाबद्दल सांगवलं नाही, मोठी झाली तेव्हा तिनं विचारलं नाही. आता विचारत होती. मी सांगितलं. नाशिकचा निरोप, धडगाव, नकाशा, नाईकवाडी साहेब, तांब्यातलं पाणी, सगळं. बाटली हातात तशीच धरून ऐकत राहिली. मला वाटलं, आता ही रडणार.

मग तिनं बाटली खाली ठेवली आणि समजूत घातल्यासारखा माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पण आई," ती म्हणाली, "खुर्ची शेवटी आपल्या घरातच राहिली ना?"